‘निगुऱ्याची भक्ती वाया’ असं कोणी म्हटलं तर

राम कृष्ण हरी, भाऊ.

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वय २६, गाव चोपडा तालुक्यात, नोकरी जळगावला एमआयडीसीत, पाळ्या बदलत्या. वडील माळकरी, तुम्ही अजून नाही. तीन वर्षं गावच्या सप्ताहात टाळ धरता. कीर्तन शिकायची ओढ आहे, पण आळंदीला जाऊन राहणं शक्य नाही. सप्ताहाला आलेल्या एका महाराजांनी सांगितलं, गुरुपौर्णिमेला अनुग्रह (गुरूकडून मंत्रदीक्षा) घे, ५,१०० दक्षिणा ठेव, निगुऱ्याची, म्हणजे गुरू न केलेल्याची, भक्ती वाया जाते. पत्नी म्हणते, घाई करू नका. तुम्ही विचारता की खरा गुरू ओळखावा कसा, आणि थांबलो तर आजवर केलेलं फुकट जाईल का.

फुकट जात नाही. हे पहिल्यांदा सांगतो, कारण बाकीचं तुम्ही भीती उतरल्यावरच नीट वाचाल.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकात एक गुंतल्यात: माळ, विद्या आणि अनुग्रह. माळ म्हणजे आचाराचा नेम. विद्या म्हणजे पाठांतर, अर्थ, चाल, ताल. अनुग्रह म्हणजे एका माणसाशी कायमचं बांधलं जाणं. तिन्ही एकाच माणसाकडून मिळतील असं नाही, एकाच दिवशी तर नाहीच. पुष्कळ जणांची माळ एका फडावरची (वारकऱ्यांच्या एका परंपरेच्या मंडळीतली) असते, विद्या गावातल्या बुवांची असते आणि गुरू तिसरेच असतात. त्यात कोणाचा अपमान नाही. माझं मत विचाराल तर विद्या आधी, माळ मधे, अनुग्रह शेवटी. कारण विद्येच्या निमित्ताने वर्षभर शेजारी बसल्याशिवाय ना शिक्षकाला शिष्य कळतो, ना शिष्याला शिक्षक.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. मी बोलतोय ते वारकरी वाटेचं. आपल्या खानदेशात महानुभाव पंथाची घरं पुष्कळ आहेत, नाथपंथी आहेत, दत्तसंप्रदायी आहेत. तिथली दीक्षेची रीत निराळी, मंत्राची गुप्तता निराळी, क्रमही निराळा. ते महाराज वेगळ्या परंपरेतले असतील तर त्यांच्या घरचे नियम त्यांनाच विचारा. वारकऱ्यांत मात्र मंत्र उघडा आहे. तुकोबांना माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्यांकडून जो मंत्र मिळाला तो ‘रामकृष्णहरी’. आज लहान पोरसुद्धा एकमेकांना भेटलं की तोच म्हणतं. वारकरी म्हणवून घेऊन कोणी ‘पैसे ठेव, मग कानात सांगतो’ म्हणत असेल, तर ते कशाचे पैसे, असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता ‘निगुरा’ या शब्दाकडे येऊ. हा धाक बहुधा हरिपाठाच्या पाचव्या अभंगाच्या आधाराने घातला जातो. ‘गुरुवीण अनुभव कैसा कळे’ हे वाक्य तिथलंच, आणि ते खरंही आहे. पण अभंग सगळा वाचा. सुरुवातीलाच म्हटलंय की योग, याग, विधी यांनी सिद्धी होत नाही, उलट दंभाची उपाधी मागे लागते. मग ज्या चरणात गुरूचं नाव येतं त्याच चरणाचा आधीचा अर्धा भाग आहे ‘भावेंवीण देव न कळे निःसंदेह’. भाव आधी, गुरू नंतर, एकाच ओळीत. पुढच्या चरणात तप आहे, देणं आहे, आणि शेवटी ‘गुजेवीण हित कोण सांगे’. गुज म्हणजे मनातलं बोलणं, जवळ बसून केलेलं. गुज केल्याशिवाय हिताचं सांगणार कोण? गुरुशिष्याच्या नात्याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही. ज्या महाराजांशी तुमचं एकदाही गुज झालेलं नाही, ज्यांना तुमची पाळी कोणती, घरात कोण आजारी, मन कशात अडकतं यातलं काही माहीत नाही, त्यांनी तुमचं हित सांगायचं कसं? आणि अभंगाचा शेवट ‘साधूचे संगती तरणोपाय’ असा आहे. संगती एका दुपारच्या कार्यक्रमात होत नाही.

आपल्या मातीतलंच उदाहरण बघा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे, तिथून मुक्ताईचं कोथळी-मेहूण जवळच. चांगदेव आणि मुक्ताई ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ, पण तिच्यातला क्रम कोणी लक्षात घेत नाही. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला. उत्तर म्हणून ज्ञानदेवांकडून आल्या ६५ ओव्या, म्हणजे विद्या. भेट त्यानंतरची. आणि परंपरेप्रमाणे मुक्ताईचा उपदेश त्याच्याही नंतरचा. सिद्धी असलेल्या, शिष्यांचा गोतावळा असलेल्या योग्यालासुद्धा आधी ओव्या समजून घ्याव्या लागल्या. मग तुम्हीआम्ही हरिपाठ पाठ व्हायच्या आत अनुग्रहाला का धावायचं?

विद्येची सुरुवात

हरिपाठाचे २७ अभंग आहेत. आठवड्याला एक धरला तर साधारण सव्वासहा महिने लागतात. सणवार, रात्रपाळ्या, लग्नसराई धरून आठ महिने समजा. सप्ताहात तीन वर्षं म्हणताय म्हणजे पाठच आहे असं तुम्हाला वाटत असेल. घोळक्यात पाठ असणं आणि एकट्याला येणं यात फार फरक आहे. घोळक्यात पुढच्याच्या तोंडाकडे बघून अर्धा चरण आपोआप येतो. आज रात्री एकटे बसून अकरावा, मग एकोणिसावा म्हणून पाहा. कुठे अडतं ते वहीत लिहा. शिक्षकाकडे जाताना ती वही न्या, तेवढ्यावरून त्याला तुमची इयत्ता कळते.

शिकायची रीत संथेची. शिक्षक अर्धा चरण म्हणतो, तुम्ही दोनदा म्हणता, मग पूर्ण चरण, मग चार चरण सलग. पुस्तक मिटून. रविवारी किंवा साप्ताहिक सुट्टीला एक संथा घेतली की बाकी दिवस रोज वीस मिनिटं पुरतात: पहिले दोन दिवस बघून, पुढचे दोन दिवस न बघता, पाचव्या दिवशी लिहून, सहाव्या दिवशी मागच्या सगळ्या अभंगांसकट. लिहिणं टाळू नका. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराच्या चुका लिहिताना पकडल्या जातात. आपल्याकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ सहज होतो, अहिराणीच्या अंगवळणी ते आहेच. गावात बोलताना त्यात काही वावगं नाही, पण अभंग म्हणताना शब्द मूळ तसाच यायला हवा, नाहीतर अर्थ बदलतो. दोनशे पानी वही करा, डावीकडे अभंग, उजवीकडे अर्थ आणि तुमच्या शंका. शिक्षकाची परवानगी घेऊन संथा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि एसटीत येताजाता ऐका. परवानगी न विचारता केलं तर नातं पहिल्याच महिन्यात नासतं.

हरिपाठानंतर थेट कीर्तनावर उडी मारू नका. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्या, २४७ ओव्यांचा. रोज पाच ओव्या धरल्या तर पन्नास दिवस, आणि दुसरी फेरी अर्थासाठी. बारावा यासाठी की तो भक्तीचा आहे, लहान आहे आणि त्याची सुरुवातच गुरुकृपेच्या स्तवनाने होते. गुरू म्हणजे ज्ञानदेवांना काय वाटत होतं ते तिथे, आणि नंतर तेराव्यात आचार्यसेवेच्या ओव्यांत वाचायला मिळेल. तेरावा मोठा आहे, ११७० ओव्या, तो घाईने संपवू नका.

मग प्रमाणं, म्हणजे कीर्तनात आधाराला म्हणायचे अभंग. कीर्तनकाराचं भांडवल तेच. नाम, संतमहिमा, वैराग्य, उपदेश आणि काला, प्रत्येकी वीस असे शंभर अभंग चालीसकट आणि अर्थासकट तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. याच काळात ताल पक्का करा. टाळ धरता हे चांगलं, पण मृदंगाच्या शेजारी बसून आठ मात्रांचा भजनी ठेका हातावर मोजायला शिका. जमलं तर मृदंगाला कणीक लावायला मृदंगाचार्यांना मदत करा. कणीक कमी पडली की धुमाचा (मृदंगाच्या डाव्या तोंडाचा) आवाज वर कसा चढतो, ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. गाताना दुसऱ्याच्या पट्टीत ओढू नका. सप्ताहात उत्साहाने पट्टी वर चढते आणि नवशिक्याचा गळा चौथ्या दिवशी बसतो.

यूट्यूबवर ऐकून कीर्तन शिकणारे आता पुष्कळ आहेत. ऐकायला हरकत नाही, चाली मिळतात. अडचण एवढीच की तिथे तुम्हाला कोणी थांबवत नाही. चुकीचा अर्थ सहा महिने घोटला की तो उपटायला वर्ष लागतं. आणि नवशिक्या माणूस नेमके विनोद आणि टोमणे उचलतो, चिंतन राहून जातं.

आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली काढली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्याची बरोबरी घरबसल्या होत नाही, हे मान्य करू. पण तिथून शिकून आलेले लोक जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यापाड्यांत आहेत. शेती करतात, शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी मुलांचा हरिपाठ घेतात. तुमच्या वडिलांच्या दिंडीतच विचारा. नाव फार गाजलेलं नसलेला, पण रोज पहाटे काकड्याला हजर असणारा माणूस शोधा. तुमच्यासाठी तोच शिक्षक.

माणूस पारखायचा कसा

उपनिषदात गुरूची दोन लक्षणं सांगितलीत: श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ. ग्रंथ जाणणारा आणि त्यात मुरलेला. दुसरं आपल्याला मोजता येत नाही. पहिलं मात्र तपासता येतं, आणि वागणं पाहता येतं.

सप्ताह ही त्याला उत्तम जागा. पहाटे चारला काकडा, मग पारायण, दुपारी गाथाभजन, प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, पुढे जागर. बोलणारा फक्त रात्री नऊलाच दिसतो का, की एखाद्या पहाटे मागे उभा राहून टाळही धरतो? स्वयंपाकघरातल्या बायांशी, माइकवाल्या पोराशी कसा बोलतो? कीर्तनात मृदंगवाल्याचा ठेका चुकला तर चारचौघांत पाणउतारा करतो का? तुम्ही स्वतः वीणेचा पहारा घ्या, तोही मध्यरात्रीनंतरचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोन ते चार वीणा घेऊन उभं राहिलात की मंडपात कोण कसं वागतं ते आपोआप दिसतं, आणि तुमची स्वतःची तयारीही तुम्हाला दिसते.

मग एक साधा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर हवंय. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायचे तीन मार्ग दिलेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न ठेवलाय. प्रश्नाने जो चिडतो त्याला नमस्कार करून परत या. ‘मला आत्ता आठवत नाही, बघून पुढच्या रविवारी सांगतो’ असं जो म्हणतो त्याच्याकडे आणखी सहा महिने जा.

त्याचे गुरू कोण, फड कोणता, शिकला कुठे, हे तो सहज सांगतो का पाहा. दुसऱ्या कीर्तनकाराला ऐकायला गेलात तर त्याला राग येतो का? जुने शिष्य सोडून का गेले, असं त्या शिष्यांनाच विचारा. महिला शिष्यांना दार लावून एकट्याला भेटायला बोलावलं जातं असं कानावर आलं, तर पुढे काही तपासायची गरज नाही, तिथे जाऊ नका. आजारपणात डॉक्टरकडे जाऊ नको म्हणणाऱ्याचंही तसंच. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शेतात राबणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असलेलं बरं.

आणखी एक कसोटी मला महत्त्वाची वाटते. शिक्षकाच्या संगतीने तुमचं रोजचं काम सुधारतं की सुटतं? एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी मूळचे आपल्या चाळीसगावचे देशपांडे, देवगिरीचे किल्लेदार. संसार आणि चाकरी सांभाळणारा माणूस. त्यांनी नाथांना हिशेबाला बसवलं आणि नाथ रात्रभर जागून एका पैची चूक शोधत राहिले, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल. गुरूने हिशेब पक्का करून घेतला, हिशेबाची वही फेकायला सांगितली नाही. नोकरी सोड, आईबापांना सोड, बायकोचं ऐकू नको, असं पहिल्या वर्षात सांगणारा माणूस तुम्हाला स्वतःच्या कामासाठी मोकळं करून घेतोय.

दक्षिणा

५,१०० हा आकडा मला खुपत नाही. खुपतं ते त्याला बांधलेलं भय. दक्षिणा विद्या मिळाल्यानंतर, आपल्या ऐपतीने, आपण होऊन द्यायची असते. पण याची दुसरी बाजूही सांगतो. जो माणूस दर रविवारी दोन तास तुम्हाला संथा देतो, त्यालाही घर आहे, पेट्रोल आहे, पोरांच्या फिया आहेत. ‘अध्यात्मात पैसे कसले’ म्हणून त्याच्याकडून फुकट शिकत राहणं हा शिष्याचा दोष आहे. पहिल्याच महिन्यात मोकळेपणाने विचारा, काय देऊ. तो नको म्हणाला तर त्याच्या केळीच्या बागेत, कपाशीच्या वेचणीला दोन दिवस हात लावा. सेवा म्हणजे हेच, पाय चेपणं नव्हे.

माळ कधी

हरिपाठ एकट्याने बिनचूक येऊ लागला आणि दोन-तीन महिने एकादश्या सलग पाळल्या गेल्या की माळ घ्या. वर्षात एकादश्या २४, अधिक महिना आला तर २६. एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ, वडिलांच्या फडावर, ज्ञानेश्वरीवर ठेवून ज्येष्ठांच्या हातून घालून घ्यावी. वडील माळकरी आहेत, तेव्हा त्यांचा फड सोडायचं काही कारण दिसत नाही. मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, रोज हरिपाठ आणि वर्षाची वारी एवढं सांभाळायचं. आषाढीला रजा मिळत नसेल किंवा घरी लागवडीची घाई असेल तर कार्तिकी, माघी, चैत्री आहेत. कोणती वारी धरणार हे माळ घेतानाच फडावर बोलून ठरवा. नंतर पळवाट काढत बसण्यापेक्षा ते बरं.

तुम्ही मशीनवर काम करता म्हणून एक खास सूचना. फिरत्या मशीनजवळ लोंबती माळ जीवावर बेतू शकते. माळ आखूड ओवून घ्या, गळ्यालगत, आणि शर्टाच्या आत. कंपनीत गळ्यात काही घालायला मनाई असेल तर माळ घ्यायच्या आधीच सुपरवायझरशी बोला. माळ तुटली तर ओवून घालेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही अशी रीत आहे, म्हणून डब्याच्या पिशवीत एक जादा माळ आणि पक्का दोरा कायम ठेवा. हे कोणी सांगत नाही आणि पहिल्या रात्रपाळीतच माणूस अडचणीत येतो.

खरी अडचण घरात येते. आपल्याकडे जावळाला, मानमानतेला बोकड कापण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तुमचे वडील माळकरी आहेत म्हणजे तुमच्या घरी प्रश्न नसेल, पण सासरी? पाहुण्यांत? तिथे जेवणाच्या वेळी भाषण देऊ नका. आधी फोन करून सांगा, मी येतो, माझ्यापुरतं वरण-बट्टी वेगळ्या भांड्यात असू द्या. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणार असाल तर खानदेशात भरीत सोडणं ही मोठीच गोष्ट, तेही आधी घरात बोला. कारण माळ तुमच्या गळ्यात असली तरी ती पाळली जाते स्वयंपाकघरात, तुमच्या पत्नीच्या हातून. एकादशीचं फराळाचं, वेगळी भांडी, रात्रपाळीचा डबा, सगळं तिच्यावर येतं. म्हणून ती ‘घाई करू नका’ म्हणते त्याला अडथळा समजू नका. हरिपाठाची संथा घेऊन आलात की रात्री तिला म्हणून दाखवा, ती पुस्तक धरेल आणि तुमच्या चुका काढेल. सहा महिन्यांत दोघांचाही पाठ होईल.

अनुग्रहाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय. तीन-चार वर्षं कोणाकडे शिकलात, भांडलात, चुका कबूल केल्यात आणि तरी पुन्हा तिथेच जावंसं वाटलं, तर तो प्रश्न तुम्हाला कोणाला विचारावा लागणार नाही.

राहिली या गुरुपौर्णिमेची गोष्ट. जायचं असेल तर जरूर जा. नारळ न्या, वाकून नमस्कार करा, रांगेत बसून ऐका. अनुग्रहाचं निघालं की हात जोडून एवढंच म्हणा: “महाराज, हरिपाठ अजून एकट्याला येत नाही. तो पाठ करून पुढच्या आषाढात येतो. तोवर पाचव्या अभंगातल्या ‘गुजेवीण’चा अर्थ सांगाल का?” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. ते शेजारी बसवून अर्थ सांगायला लागले तर वही उघडा आणि लिहून घ्या.